स्मिता पाटील: शिरपूरची मुलगी, दूरदर्शनचा चेहरा आणि दहा वर्षांत ऐंशी सिनेमे

हा आपल्या ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांचा आजचा डेटा संपलाय त्यांनी निवांत वाचा. बोलताना काही तारखा सुटतात, त्या इथे नीट जोडल्यात.

आजचा विषय स्मिता पाटील. आपल्याकडे, म्हणजे जळगाव-धुळ्याकडे, हे नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "ती आपल्या शिरपूरची ना!" लगेच छाती थोडी फुगते. पण त्यापुढे विचारा, "बरं, तिचा कुठला सिनेमा पाहिलाय?" तर बहुतेक जण अमिताभबरोबरच्या पावसातल्या गाण्यावर येऊन थांबतात. यात तुमचा दोष नाही. ती गेली १९८६ साली. आपल्यातले निम्मे तर तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हते.

म्हणून आज दोन गोष्टी करू. "आपली" म्हणतो त्यात खरं किती ते तपासू. आणि तिने नेमकं काय केलं, जे आज चाळीसएक वर्षांनंतरही फिल्म शिकणारी मुलं फ्रेम थांबवून थांबवून बघतात, तेही समजून घेऊ.

शिरपूरचा धागा

आधी सरळ माहिती. स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, आणि तो पुण्यातला. शाळाही पुण्यातलीच. म्हणजे ती शिरपूरच्या गल्लीत लहानाची मोठी झाली, असं कुणी सांगत असेल तर ते तितकंसं बरोबर नाही. घराणं मात्र पक्कं शिरपूरचं. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील. शिरपूर म्हणजे धुळ्याहून पन्नासेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा हायवेवरचं, पुढे लगेच मध्य प्रदेश लागतो ते गाव. शिवाजीराव स्वातंत्र्य चळवळीतून आले, समाजवादी विचारात घडले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, राज्यात मंत्री झाले. सहकार आणि साखर कारखानदारीत त्यांचं मोठं नाव. २०१३ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २०१७ साली ते गेले. आई विद्याताई नर्स होत्या, सामाजिक कामातही होत्या. आमदार-मंत्र्याचं घर असूनही घरात आई नोकरी करणारी, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता खान्देशचा खरा वारसा कुठे आहे ते बघा. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्या काळी आपल्या भागातली कितीतरी तरुण पोरं या वातावरणातून राजकारणात आली. पुढे १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, आणि साने गुरुजी त्याचे जणू आत्माच झाले. स्मिताच्या घरात हेच संस्कार होते. ती स्वतः सेवा दलात वाढली, सेवा दलाच्या कलापथकात तिने काम केलं. नाच, गाणी, पथनाट्य, गावोगाव फिरणं, कुणाच्याही घरी जेवणं, कुणाबरोबरही जमिनीवर पथारी टाकून झोपणं. ॲक्टिंगचा पहिला क्लास म्हणायचा तर तो हाच. तिथे मेकअप नव्हता आणि स्टेज तर बऱ्याचदा गावचा पारच असायचा.

म्हणजे शिरपूरने तिला जन्मगाव दिलं नाही, पण घरातून विचार आणि माणसांत मिसळायची सवय आली. मला विचाराल तर हे जन्मदाखल्यापेक्षा मोठं आहे.

जीन्सवर साडी

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला आलं. तेव्हाच मुंबईत एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तुमच्या हातातल्या फोनवर आज हजारो चॅनेल आहेत. तेव्हा चॅनेल एक, तोही ब्लॅक अँड व्हाइट, तोही संध्याकाळी काही तास. त्यामुळे जो चेहरा त्या पडद्यावर येईल तो सगळ्या शहराला पाठ व्हायचा.

ओळखीतल्या एका फोटोग्राफरने काढलेले तिचे फोटो दूरदर्शनपर्यंत पोचले, आणि स्मिता मराठी बातम्या वाचायला लागली. वय विशीच्या आतबाहेर. तिचा एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. ती स्टुडिओत जीन्स घालून यायची आणि बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरच साडी नेसायची. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसतं ना! आपण लॉकडाऊनमध्ये वर फॉर्मल शर्ट आणि खाली बर्म्युडा घालून मीटिंगा केल्या, त्याची ही आद्य आवृत्ती.

किस्सा गमतीचा आहे, पण त्यातून तिचा पुढचा स्वभाव कळतो. कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे तिला फार लवकर कळलं. बातम्या वाचताना हातवारे नसतात, उठबस नसते. फक्त चेहरा, डोळे, आवाज. चेहऱ्यावर जास्त भाव आणले तर खोटं वाटतं, अजिबात आणले नाहीत तर दगड वाटतो. या दोघांच्या मधली जी बारीक जागा आहे, तिथे ती रोज संध्याकाळी बसत होती. तिचे सिनेमे बघाल तेव्हा हे आठवा. मोठा ओरडा नसतो, रडारड नसते. मान किंचित वळते आणि तुम्हाला सगळं कळतं.

एक गंमत अशी की तेव्हा हे प्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच दिसायचं. आपल्याकडे गावोगाव टीव्ही पोचला तो ऐंशीच्या दशकात. म्हणजे शिरपूरच्या पाटलांची मुलगी बातम्या वाचत होती आणि शिरपूरला ते बघायची सोयच नव्हती.

बेनेगल आणि बावीस वर्षांची बाई

त्याच काळात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारे अरुण खोपकर यांनी 'तीव्र मध्यम' नावाची डिप्लोमा फिल्म केली, १९७४ ची. त्यात स्मिता होती. मग श्याम बेनेगल यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी आधी मुलांसाठीच्या 'चरणदास चोर'मध्ये तिला घेतलं, मग 'निशांत'मध्ये. दोन्ही १९७५ चे. जब्बार पटेलांच्या 'सामना'तही ती होती. १९७६ ला 'मंथन', १९७७ ला 'भूमिका'.

'भूमिका'वर थोडं थांबू. हा सिनेमा हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून घेतलाय. हंसाबाई म्हणजे मराठी सिनेमाची जुनी मोठी नायिका. लहानपणीच घरासाठी कमवायला सिनेमात आलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारा नवरा, एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाणं, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा एक कुलूप. स्मिता तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची. तिला शाळकरी पोरीपासून थकलेल्या प्रौढ बाईपर्यंतचं आख्खं आयुष्य दाखवायचं होतं, आणि वर त्या नटीच्या पडद्यावरच्या 'भूमिका'ही करायच्या होत्या. म्हणजे नटी नटीचं काम करते आणि ती नटी आणखी कुणाचं तरी. कोडच्या भाषेत सांगायचं तर लूपच्या आत लूप, आणि प्रत्येक लेव्हलला व्हेरिएबल वेगळा. एक जरी मिसळला तरी सगळं कोसळतं. तिचं कुठेच मिसळत नाही. या कामासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा मिळाला 'चक्र'साठी. तो सिनेमा रवींद्र धर्मराज यांचा, जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरचा, झोपडपट्टीतल्या आयुष्याचा.

दोन रुपयांचा निर्माता

आता तुम्ही म्हणाल, असले सिनेमे चालत नाहीत, मग पैसे कोण लावत होतं? प्रश्न बरोबर आहे.

काही पैसे सरकारी फिल्म महामंडळाकडून यायचे. पण 'मंथन'ची गोष्ट सगळ्यात भारी. सिनेमा गुजरातच्या दूध सहकारी चळवळीवरचा. निर्माते कोण, तर गुजरातच्या दूध उत्पादक संघाचे ५ लाख शेतकरी सभासद. प्रत्येकाने २ रुपये दिले. हिशोब करा: १० लाख रुपये, आणि सिनेमा तयार. क्राउडफंडिंग हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी वर्षं आधी. मग सिनेमा लागला तेव्हा हेच शेतकरी गाड्या भरभरून तो बघायला आले, कारण तो त्यांचा स्वतःचा माल होता.

जळगावला जे लोक दूध संघाच्या डेअरीत सकाळी बरणी घेऊन जातात त्यांना ही गोष्ट लांबची वाटायला नको. गावात सोसायटी आली की दुधाचा भाव कोण ठरवणार, लाइनीत कोण कुणाच्या मागे उभं राहणार, सभापती कुठल्या आळीचा होणार, हे सगळं 'मंथन'मध्ये आहे. स्मिता त्यात बिंदू नावाची खेड्यातली बाई आहे. शहरातून आलेल्या डॉक्टरवर ती आधी संशय घेते, मग विश्वास टाकते, आणि मग तिच्याच विश्वासाचा वापर राजकारणात होतो. तिच्या वाट्याला डायलॉग फार नाहीत. पण सिनेमा संपल्यावर डोक्यात राहते ती तीच.

२०२४ साली 'मंथन' नव्याने साफसूफ करून, म्हणजे जुन्या रिळांवरून पुन्हा उभा करून, फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला. अठ्ठेचाळीस वर्षांनंतर. हे काम फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलं. बेनेगल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले.

मराठीतलं काम: 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा'

हिंदीत नाव झाल्यावर मराठी सोडली, असं तिने केलं नाही. १९७७ चा 'जैत रे जैत' घ्या. गो. नी. दांडेकर यांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि गाणी ना. धों. महानोरांची. महानोर म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेडचे, आपल्या अगदी शेजारचे. ठाकर आदिवासींच्या या गोष्टीत मोहन आगाशे नाग्या आहेत आणि स्मिता चिंधी. गाणी तुम्ही नक्की ऐकली असतील, लग्नाच्या व्हिडिओत, रीलमध्ये, ट्रेकच्या स्टेटसला. आता एकदा सिनेमाही बघा. त्यात ती चालते कशी तेवढंच बघा. पुण्याची, इंग्रजी बोलणारी मुलगी डोंगराच्या उतारावर अशी पाय टाकते की जणू तिथेच जन्मली.

आणि मग १९८२ चा 'उंबरठा'. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल. गोष्ट अशी: सुलभा महाजन चांगल्या, सुशिक्षित, पैसेवाल्या घरातली सून. नवरा वकील, ते काम गिरीश कार्नाडांनी केलंय. एक लहान मुलगी आहे. सुलभाने समाजकार्याचं शिक्षण घेतलंय आणि तिला लांबच्या गावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी मिळते. ती घर सोडून जाते. तिथे बायकांचे हाल आणि संस्थेतला सडलेला कारभार बघते, भांडते, थकते. परत येते तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. मग ती पुन्हा निघते, एकटी.

थोडं आपल्याकडचं बोलू. जळगावची, भुसावळची, धुळ्याची मुलगी पुण्याला नोकरीला लागते. इंजिनिअर, नर्स, बँकेत, काहीही. लग्न ठरताना प्रश्न येतो, "नोकरी सुरू ठेवणार का?" मुलगा पुण्यात असेल तर ठीक. मुलगा चाळीसगावात आणि मुलगी हिंजवडीत असेल तर कोण कुणाकडे जाणार, हे न बोलताच ठरलेलं असतं. सुलभाचा नवरा व्हिलन नाही. तो मारत नाही, ओरडत नाही, दारू पीत नाही. चांगला माणूस आहे. घरातले सगळेच चांगले आहेत. तिचं काम हे तिच्यासाठी खरंच काम आहे, एवढं एकच त्यांना कळत नाही. ती 'छंद म्हणून' समाजसेवा करणार असेल तर सगळे खूश आहेत. हा सिनेमा चाळीस वर्षं जुना आहे आणि हा प्रसंग मागच्या महिन्यात कुणाच्या तरी घरात घडलाय.

आई नर्स होती, हे मी वर लक्षात ठेवायला सांगितलं ते याचसाठी. कामाला जाणारी बाई तिने घरात पाहिली होती. सुलभा दार उघडून बाहेर पडते तेव्हा स्मिताच्या चेहऱ्यावर क्रांती वगैरे दिसत नाही. ड्युटीला निघालेल्या बाईचा चेहरा दिसतो. म्हणूनच तो पटतो.

सत्यजित राय आणि पुन्हा टीव्ही

टीव्हीवरून आलेली मुलगी टीव्हीवर परतली ती थेट सत्यजित रायांबरोबर. १९८१ ला रायांनी दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. प्रेमचंदांची कथा, लांबी जेमतेम पाऊण-एक तास. दुखी नावाचा दलित माणूस मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला उपाशीपोटी लाकूड फोडायला लावतो आणि तो तिथेच मरतो. ओम पुरी दुखी, स्मिता त्याची बायको झुरिया. फोनवर बघायला याच्याइतकी योग्य फिल्म नाही, लांबी एका वेब सिरीजच्या एपिसोडएवढी. पण बघून झाल्यावर लगेच जेवायला बसू नका.

बंगालीत मृणाल सेन यांच्या 'आकालेर संधाने'मध्येही ती होती. एक शूटिंग युनिट गावात दुष्काळावर सिनेमा करायला जातं, अशी ती गोष्ट. स्मिता त्यात स्मिता नावाच्याच नटीचं काम करते. १९८१ ला या सिनेमाला बर्लिनमध्ये सिल्व्हर बेअर मिळालं. मल्याळममध्ये जी. अरविंदन यांचा 'चिदंबरम', गुजरातीत केतन मेहतांचा 'भवनी भवाई'. आज आपण 'पॅन इंडिया' म्हणून पोस्टर छापतो. ही बाई ते चाळीस वर्षांपूर्वी गाजावाजा न करता करत होती.

मग पावसातलं गाणं?

हा प्रश्न येणारच. १९८२ हे एकच वर्ष घ्या. 'उंबरठा', 'बाजार', 'अर्थ' एकीकडे. 'नमक हलाल' आणि 'शक्ती' दुसरीकडे. एवढी सीरियस नटी व्यावसायिक सिनेमात का गेली?

साधं कारण. समांतर सिनेमातही निर्मात्याला ओळखीचा चेहरा लागायला लागला होता, आणि तो चेहरा ओळखीचा होतो व्यावसायिक सिनेमातून. शिवाय समांतर सिनेमात मानधन तुटपुंजं, सिनेमा थिएटरला लागेल याची खात्री नाही. घर चालवायचं तर दोन्हीकडे पाय ठेवावा लागतो. आपल्यातले कितीतरी जण दिवसा क्लायंटचं काम करतात आणि रात्री स्वतःचं ॲप बनवतात, तसंच काहीसं. ते गाणं केल्यावर तिला फार अवघडल्यासारखं झालं होतं, असं तिच्या जवळच्यांनी नंतर सांगितलंय. आणि 'चक्र'मधल्या तिच्या आंघोळीच्या प्रसंगाचं पोस्टर करून सिनेमा विकला गेला, त्यावर तिने उघड नाराजी व्यक्त केली होती. झोपडपट्टीतल्या बाईला आडोसा मिळत नाही, हे त्या प्रसंगाचं म्हणणं. पोस्टरवाल्याने तेच विकायला काढलं. आज एखाद्या गंभीर व्हिडिओवर भलताच थंबनेल लावतात ना, तोच उद्योग.

अजून एक. ती सावळी होती. हिंदी सिनेमात नायिका म्हणजे गोरी, हे तेव्हाही होतं आणि फिल्टरच्या जमान्यात आजही आहे. स्मिताने रंग उजळवून घेतला नाही. कॅमेरामन गोविंद निहलानी यांनी बेनेगलांच्या सिनेमांत तो चेहरा जसा आहे तसाच दाखवला. आपल्याकडे स्थळ बघायला गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा असतो, तिथे या चेहऱ्याचं मोठ्या पडद्यावर असणं ही छोटी गोष्ट नाही.

तिच्या खाजगी आयुष्याबद्दल लोक हमखास विचारतात. राज बब्बर यांच्याशी तिचं नातं, त्यांचं आधीचं लग्न, यावर तेव्हा भरपूर छापून आलं, भरपूर टीका झाली. जे उघड आहे ते एवढंच, आणि आपला एपिसोड त्यासाठी नाही.

१३ डिसेंबर १९८६

२८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला, प्रतीक. आणि १३ डिसेंबरला मुंबईत स्मिता गेली. बाळंतपणानंतरची गुंतागुंत. वय ३१. मधले दिवस मोजा: पंधरा. पद्मश्री मिळून दोन वर्षंही झाली नव्हती.

इथे मी थोडा वेळ सिनेमा बाजूला ठेवतो. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, पण हे प्रत्येक घरात माहीत पाहिजे. आपल्याला वाटतं, बाळ झालं, आई-बाळ सुखरूप, पेढे वाटा, धोका संपला. वैद्यकशास्त्र तसं मानत नाही. बाळंतपणानंतरचे ४२ दिवस आईसाठी जोखमीचे धरले जातात, आणि त्या काळात बाळंतपणाशी संबंधित कारणाने मृत्यू झाला तर तो मातामृत्यू म्हणून मोजतात. आपल्याकडचा 'सव्वा महिना' जवळपास तेवढाच. फक्त आपण तो विटाळाचा आणि डिंकाच्या लाडवांचा काळ म्हणून पाळतो, लक्ष ठेवायचा काळ म्हणून पाळत नाही. ताप, थंडी वाजणं, जास्त रक्त जाणं, घाण वास येणारा स्राव, खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, धाप लागणं, झटके, यातलं काहीही दिसलं तर "बाळंतिणीला होतं असं" म्हणून घरी थांबायचं नाही. त्याच तासाला दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन. मुंबईत राहणारी, देशभर ओळखली जाणारी बाई जर पंधरा दिवसांत जाऊ शकते, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या बाईला किती कमी वेळ मिळत असेल याचा विचार करा.

ती गेल्यावरही तिचे सिनेमे येत राहिले. त्यात केतन मेहतांचा 'मिर्च मसाला' सगळ्यात मोठा. इंग्रजी अमलातलं गुजरातमधलं गाव, माजलेला सुभेदार, मिरची कुटायच्या कारखान्यात आसरा घेतलेल्या बायका आणि त्यांच्यात सोनबाई झालेली स्मिता. सुभेदाराला ती हवी आहे, आणि गावातले शहाणे लोक म्हणतात, "एकीला देऊन टाका, म्हणजे बाकी गाव वाचेल." शेवट सांगत नाही. मिरचीचं काय होतं ते स्वतः बघा. आपण खान्देशातले, तिखटाची किंमत आपल्याला कळते.

मग "आपली" कशी म्हणायची?

दहा-बारा वर्षांत ऐंशीच्या आसपास सिनेमे, दोन राष्ट्रीय पुरस्कार, अर्धा डझन भाषा. एवढं करून ती एकतिसाव्या वर्षी थांबली. मी स्वतः आता तिशीला टेकतोय, त्यामुळे हा आकडा जरा जास्तच लागतो.

गावाचं नाव लावून अभिमान बाळगणं सोपं आहे, त्याला डेटाही लागत नाही. पण माणूस आपला होतो तो त्याचं काम आपल्याला माहीत असल्यावर. म्हणून या आठवड्याचा होमवर्क देतो. आधी 'सद्गती', कारण लहान आहे. मग 'उंबरठा', आणि जमलं तर घरच्यांबरोबर बसून, आईला, वहिनीला, बहिणीला रिमोट देऊन. मग 'मंथन'. प्रिंट चांगली शोधा, अधिकृत ठिकाणची घ्या. कुणीतरी थिएटरमध्ये मोबाईल धरून काढलेली असली भयानक कॉपी बघून "जुना सिनेमा बोअर आहे" म्हणू नका.

'उंबरठा' बघून झाला की एक प्रश्न घरात विचारा: सुलभाने परत यायला हवं होतं का? उत्तर काय येतं, आणि कोण गप्प बसतं, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडची सुरुवात त्यातल्या काहींनी करू, नावं न घेता.

चला, येतो. काळजी घ्या.